सत्यभामाबाईंची पेटी, अस्सलबरहुकूम

"माझा मेंदू तराजूत घातला, तर चारचौघांच्या मेंदूपेक्षा पावभर तरी जास्त भरेल," चिंतामणराव पांढरीपांडे म्हणाले आणि टोपी काढून त्यांनी नईमपुढे डोकं झुकवलं. "जिल्हा कोर्टात एकतीस वर्षं नकलनवीस होतो मी. खून, दरोडे, विषप्रयोग, शेजाऱ्याचा बांध कोरणं, सगळं या हातानं उतरवून काढलंय. न्यायाधीशांना फार तर निकाल ठाऊक. मला अख्खी मिसल, खटल्याचा कागद न् कागद, पाठ असायची. साक्षीदार खोटं बोलायला लागला की त्याच्या जबानीत स्वल्पविराम वाढतात, हा शोध माझा!"

एका कॅसेटीची फीत बाहेर आली होती, ती नईम पेन्सिलीनं आत गुंडाळत होता. हे भाषण तो आठवड्यातून दोनदा ऐकायचा. मध्ये टोकलं तर चिंतामणराव पुन्हा तराजूपासून सुरुवात करत, हे त्याला अनुभवानं कळलं होतं.

अमरावतीत गुप्त तपासनीस एवढे एकच, आणि ते कुठे राहतात हे सगळ्या गावाला ठाऊक. फाटकावर तीन फूट लांबीची पाटीच होती: 'चिंतामण पांढरीपांडे, गुप्त तपासनीस. गुप्तता पाळली जाईल.' आजवरच्या नऊ प्रकरणांपैकी सात वस्तू आपण होऊन सापडल्या होत्या, आणि त्याचं श्रेय चिंतामणराव स्वतःकडे घेत. उरलेल्या दोन त्यांच्या धाकानं अजून लपून बसल्या होत्या. घरी त्यांनी फोन घेतला नव्हता. फोन हा तपासाचा शत्रू, असं त्यांचं मत होतं. लागलाच तर नईमच्या कॅसेटच्या दुकानात फोन होता, आणि बसायला पत्र्याची खुर्ची. ज्या दिवशी ते त्या खुर्चीवर पहिल्यांदा बसले, त्या दिवशी नईम त्यांचा सहायक झाला. नेमणूकपत्र त्याला मिळालं नाही, त्यामुळे राजीनामा कुठे द्यायचा हेही कधी कळलं नाही.

तसा नईमकडे वेळ भरपूर होता. पूर्वी दिवाळीनंतर कापूस विकून आलेली खेड्यातली माणसं दुकानात शिरत, दोन भजनांच्या, एक कव्वालीची आणि बायकोसाठी एक सिनेमाची कॅसेट घेऊन जात. चार-पाच वर्षांपासून ती दिसेनाशी झाली होती. वर्तमानपत्रात रोज शेतकऱ्यांसाठीच्या सरकारी पॅकेजच्या बातम्या येत आणि दुकानात रोज चिंतामणराव येत, दोन्हींचा उपयोग सारखाच.

संक्रांत होऊन गेली होती. गुरुवारी सकाळी अकराला फोन वाजला.

"नईम, माझी पेटी नाही रे घरात," सत्यभामाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यानं असा कधी ऐकला नव्हता.

सत्यभामाबाईंनी चाळीस वर्षं अमरावतीला गाणं शिकवलं. पहिल्या पगारात घेतलेली ती हार्मोनियम त्यांच्या बोटाखाली म्हातारी झाली होती. दर जानेवारीत एका रविवारी दुपारी त्यांच्या गच्चीवर बैठक व्हायची. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांच्या जाळावर वांगी भाजायची, तुरीचे कोवळे दाणे घालून सोलेभात, ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा, आणि हात धुतले की बाई पेटी जवळ ओढून गायला बसायच्या. उतरत्या उन्हात त्यांचा मुलतानी राग ऐकला की मगच नईमचा हिवाळा सुरू व्हायचा. मग थंडी दोन महिने आधी पडलेली असो. कोणी हसलं तर हसो, पण त्याला त्या दुपारी अल्ला जवळ आल्यासारखा वाटायचा.

आणि यंदाची बैठक शेवटची होती. बाई येत्या मंगळवारी कायमच्या मुलाकडे पुण्याला निघाल्या होत्या. घर विकलं होतं, भांडी वाटून टाकली होती. बरोबर न्यायची म्हणून एकच वस्तू त्यांनी बाजूला ठेवली होती, ती पेटी. आणि रविवार तीन दिवसांवर होता.

"चला!" चिंतामणराव उठले. फोनमधला आवाज खुर्चीपर्यंत ऐकू आला होता.

बाईंच्या बैठकीच्या खोलीत एका स्टुलावर पेटीच्या आकाराची धूळ नसलेली चौकट तेवढी उरली होती. चिंतामणरावांनी ती भिंगातून पाच मिनिटं पाहिली.

"इथे काहीतरी होतं," ते म्हणाले.

"पेटी होती," बाई म्हणाल्या. "सोमवारी सकाळी मी चांदूर रेल्वेला बहिणीकडे निरोप घ्यायला गेले. काल रात्री आले. दमून निजले. आज सकाळी पाहते तर नाही."

"घरात कोण होतं?"

"सोमवारी जेबा होती. अकोल्याच्या गुलाम नबींची मुलगी, इथे बी.एड. करते, माझ्याकडेच राहते. मंगळवारी तीही घरी गेली, वडिलांचे गुडघे धरलेत म्हणून. पार्बताबाई संक्रांतीला गावी गेली आहे, शनिवारी येईल."

"बाहेरचं कोणी?"

"कोणी नाही. तिवश्याहून उत्तमरावचा माणूस येणार होता, तो येऊन गेला असेल. त्याच्या मुलीला पाहायला पाहुणे येणार म्हणून थोडं सामान न्यायचं होतं त्याला. मी जेबाला सांगून ठेवलं होतं."

"किरकोळ," चिंतामणराव म्हणाले आणि वहीत त्यांनी 'किरकोळ' असं लिहिलं. "पेटीची ओळख पटेल अशी खूण?"

"भाता जुना झालाय. डाव्या बाजूनं जरासा फाटलाय."

चिंतामणरावांनी मान डोलावली. नईमनं वाकून पाहिलं. वहीत लिहिलं होतं: 'भात जुना. फाटलेला. वास येतो का, विचारणे.'

"काकाजी, भाता," नईम हळूच म्हणाला. "पेटीतून हवा सोडते तो."

"मला माहीत आहे. शत्रूच्या हाती वही लागली तर म्हणून तसं लिहिलंय."

"मी जेबाला फोनच करते ना," बाई म्हणाल्या. "तिला ठाऊक असेल."

"खबरदार!" चिंतामणराव इतक्या जोरात ओरडले की बाईंच्या हातातून चष्मा पडला. "संशयिताला फोन करून सावध करायचं नसतं. एक फोन, आणि पेटी देशाच्या सीमेपार!"

"कोन्या सीमेपार, काकाजी?" नईम म्हणाला. "अकोल्याले जाते बिचारी. येक फोन केला तं दोन मिनिटात..."

"दोन मिनिटात लागलेला तपास हा तपास नसतो, नईम."

गुडघ्यांमुळे बाई आता फक्त बैठकीच्या दिवशीच जिना चढायच्या, म्हणून गच्चीची पाहणी दोघांनीच केली. वर चार खाटा ओळीनं उन्हात टाकलेल्या होत्या. चिंतामणराव त्यातल्या एकीवर विचार करायला बसले, मग नीट विचार व्हावा म्हणून आडवे झाले, आणि पाऊण तास अतिशय खोल, आवाज करत विचार केला. जाग आल्यावर त्यांचा सिद्धांत तयार होता.

"पेटी चोराला हार्मोनियम वाजवता येत नाही."

"कशावरून?"

"वाजवता येत असती तर ती वाजली असती आणि शेजाऱ्यांनी ऐकली असती. याचा अर्थ चोराला पेटी वाजवायला नको, उघडायला हवी आहे. पेटी कोण उघडतो? दुरुस्त करणारा! दुरुस्त कोण करतो? गुलाम नबी! आणि घरात सोमवारी कोण होतं? गुलाम नबीची मुलगी! बापलेकीची टोळी आहे, नईम. उद्या सकाळची अकोल्याची बस किती वाजता?"

गुलाम नबींना नईम लहानपणापासून चाचा म्हणत होता.

शुक्रवारी एसटीनं ते अकोल्याला गेले. गुलाम नबींचं दुकान एका बोळात होतं. आत भाते, पट्ट्या, पितळी सूर, लाकूड चिकटवायच्या सरसाचा वास. पूर्वी कार्तिक लागला की खेड्यापाड्यातली भजनी मंडळं इथे पेट्या घेऊन रांग लावायची. आता फळीवर एकच पेटी होती आणि तिच्यावर गावाचं नाव लिहिलेली चिठ्ठी पिवळी पडली होती.

"चार साल हो गये," गुलाम नबी म्हणाले. त्यांनी नईमची नजर पाहिली होती. "ठीक करके रखी. मंडलवाले लेने नहीं आये. मैंने भी खबर नहीं भेजी. क्या पूछना उनको? बैठो ना पांडेसाब."

चिंतामणराव बसले नाहीत. "गुलाम नबी! सत्यभामाबाईंच्या पेटीवर सर्वत्र आपल्या बोटांचे ठसे आहेत, हे आपण नाकारता?"

"काहे को नाकारूँ? तीस बरस से मैं ही खोलता हूँ." मग त्यांच्या लक्षात आलं. "ठहरो. पेटी को क्या हुआ?"

"गेली," नईम म्हणाला. त्याला वर पाहवेना.

"गई?" गुलाम नबी हातातली पट्टी खाली ठेवून उभेच राहिले, दुखऱ्या गुडघ्यांसकट. "तो फिर बाई का इतवार कैसे होगा?"

आपल्यावर आळ आला आहे हे म्हाताऱ्याच्या ध्यानातच आलं नाही, आणि नईमला त्याचीच जास्त लाज वाटली. त्याला वाटलं, काकाजींची टोपी घेऊन सरसाच्या डब्यात बुडवावी.

आतून जेवण आलं. पाहुणे उपाशी जाऊ देण्याची त्या घरात रीत नव्हती. ज्वारीच्या गरम रोट्या, ओल्या लसणाची चटणी, आणि चिंतामणरावांसाठी वेगळ्या, नव्या ताटात तुरीचे दाणे घातलेली वांग्याची भाजी. त्यांनी चार रोट्या खाल्ल्या, हात धुतले आणि वहीत नोंद केली: 'लाच देण्याचा प्रयत्न. चव उत्तम.'

इतक्यात पाणी घेऊन जेबा आली. पेटी हरवल्याचं ऐकून ती म्हणाली, "पेटी? म्हणजे बाजा ना? तो तर मी दिला."

"दिला!" चिंतामणराव खुर्चीवरून उडाले. "कबुली! नईम, वेळ टिपून घे!"

"कबुली कसली? बाईंनी चिठ्ठी लिहून ठेवली होती." तिनं आपल्या वहीत ठेवलेला चौकोनी कागद काढून दिला. बाईंचं टपोरं अक्षर होतं:

'चि. जेबा, तिवश्याहून उत्तमरावांचा माणूस येईल. त्याला बाजा देणे. चहा देणे. बाई.'

"धर्मपाल नाव होतं त्याचं," जेबा सांगू लागली. "तो म्हणाला, मालकानं बाजा आनाले धाडलं. मी बाजा आणून दिला. तो म्हणाला, येकच? मी म्हटलं, एकच तर आहे. मग तो बराच वेळ बाजाकडे पाहत राहिला, चहा प्यायला आणि घेऊन गेला."

नईमनं सुटकेचा श्वास टाकला. त्याच्या घरी, गुलाम नबींच्या घरी, सगळ्यांकडे हार्मोनियमला बाजाच म्हणत. प्रकरण संपलं होतं. "चला, काकाजी. आता उत्तमरावले फोन लावू, पेटी घेऊन ये म्हनू."

"मूर्खा, प्रकरण तर आत्ता सुरू होतंय," चिंतामणराव बसस्टॅण्डच्या वाटेवर कुजबुजले. "बाई काय म्हणाल्या? किरकोळ सामान न्यायचं होतं. जी बाई पेटी पुण्याला नेणार, ती चिठ्ठी लिहून पेटी देईल? कदापि नाही. म्हणजे ही चिठ्ठी बनावट आहे!"

"अक्षर तं बाईचंच दिसून रायलं."

"तिथेच तर आरोपीचं कौशल्य."

परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत त्यांनी मांडीवर वही ठेवून चिठ्ठीची नक्कल केली. अस्सल चिठ्ठी हा मुद्देमाल, तो फिर्यादीला दाखवायचा नसतो, दाखवायची ती नक्कल, हा कोर्टाचा शिरस्ता त्यांनी नईमला समजावला. अस्सल त्यांनी नईमच्या खिशातल्या रिकाम्या कॅसेटच्या डबीत ठेवायला दिली. नक्कल करताना एका शब्दावर मात्र त्यांचं पेन अडलं. 'बाजा' हा शब्द त्यांना बाईंच्या चिठ्ठीत फार गावठी वाटला. साऱ्या जन्मात बाईंनी हार्मोनियमला पेटीच म्हटलं होतं. जेबा तिला बाजा म्हणते हे सिद्ध झालेलंच होतं. तेव्हा शुद्ध मराठीत, निःसंदिग्धपणे, त्यांनी लिहिलं: 'त्याला पेटी देणे.' आणि खाली सवयीनं शेरा मारला: 'अस्सलबरहुकूम.' म्हणजे मुळाशी ताडून पाहिली, तंतोतंत जुळते. हा शेरा त्यांनी एकतीस वर्षांत काही लाख वेळा मारला असेल.

संध्याकाळी ती नक्कल त्यांनी बाईंपुढे धरली.

"मी उत्तमरावला पेटी द्यायला सांगितली?" बाईंचा चेहरा उतरला. "मी असं नाही लिहिलं. मी चिठ्ठी लिहिली होती, पण त्यात..."

"विचारलं तेवढंच सांगा. हा मजकूर आपण लिहिला? हो किंवा नाही?"

"नाही, पण..."

"नाही! साक्ष संपली." चिंतामणरावांनी वही मिटली. "पाहिलंस, नईम? बनावट दस्तऐवज. सूत्रधार उत्तमराव. रविवारी तो भाजी घेऊन बैठकीला येईल. तिथेच, सगळ्यांसमोर, बुरखा फाडतो."

"उत्तमराव?" बाई पुटपुटल्या. "तो नाही हो असं करायचा."

नईमलाही ते पटत नव्हतं. उत्तमराव बाईंचा सगळ्यात लाडका शिष्य. तिवश्याला शेती करायचा, आणि बैठकीत बाईंच्या आधी तोच गायचा. संत्र्याची बाग वाळली आणि त्यानं स्वतःच्या हातानं ती तोडली, त्या वर्षापासून त्याच्या घरची पेटीही गेली आणि त्याचं गाणंही. दर जानेवारीत टोपलीभर वांगी आणि तुरीच्या शेंगा घेऊन यायचा, जेवायचा, कोपऱ्यात बसायचा. गा म्हटलं की गळा बसलाय म्हणायचा. तीन हिवाळे कोणाचा गळा बसत नाही, हे सगळ्यांना कळत होतं आणि कोणीच बोलत नव्हतं.

शनिवारी दुपारी नईम डोकावला तेव्हा बाई रिकाम्या स्टुलाशेजारी बसून मांडीवरच बोटं चालवत होत्या. फोन करू का, असं त्यानं पुन्हा विचारलं. "नको," बाई म्हणाल्या. "त्यानं खरंच नेली असली तर? फोनवर काय ऐकू मी?" एवढं वाईट काम चिंतामणरावांनी नऊ प्रकरणांत मिळून केलं नव्हतं, असं नईमला वाटलं.

रविवारी सकाळी दहाला बाईंच्या फाटकापाशी पहिली रिक्षा थांबली आणि तिच्यातून गुलाम नबी, जेबा आणि फडक्यात गुंडाळलेली पेटी उतरली.

"पाहा!" चिंतामणराव फाटकातच गरजले. "पश्चात्तापानं पोळलेला चोर माल घेऊन स्वतः हजर! मी म्हटलंच होतं, टोळी अकोल्याची!"

"काकाजी, परवा तुमी उत्तमराव म्हनले व्हते."

"त्याच्या आधी काय म्हटलं होतं?"

गुलाम नबींनी फडकं सोडलं. फळीवरची ती पिवळ्या चिठ्ठीची पेटी होती. "बाई, आज का दिन इसपर निकाल लो," ते म्हणाले. "किसी की अमानत है. पर भजन की पेटी है, गाने से खराब नहीं होती." बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या पदरानं चष्माच पुसत राहिल्या.

तेवढ्यात जिन्यावरून पार्बताबाई झाडू घेऊन खाली आली. आदल्या संध्याकाळीच ती गावाहून परतली होती, आणि बैठकीसाठी गच्ची झाडत होती. वांगी यायची होती, ती नसली तरी तिचं तोंड सुरू होतं.

"बाई, मी येक इचारू? त्या बाजा वरतीच पडून हायेत. चारीच्या चारी. उत्तमरावाले द्याच्या व्हत्या ना? मंग काऊन नाई देल्या? त्याच्या घरी पाव्हणे आले अशीन, ते काय जमिनीवर बसले?"



"काय पडून आहे वर?" नईमनं विचारलं.

"बाजा, बाजा! खाटा म्हन, तुले समजत नाई तं. काकाजीले इचार, परवा येका बाजीवर घोरून रायले व्हते म्हने, शेजारीन सांगे."

नईमनं खिशातली कॅसेटची डबी उघडली, अस्सल चिठ्ठी काढली आणि मोठ्यानं वाचली. "'त्याला बाजा देणे.' बाई, हे तुमी लिवलं?"

"मीच लिहिलं," बाई म्हणाल्या. "खाटा द्या म्हणून. बाजा देणे म्हणजे दुसरं काय?"

"या अल्ला," जेबा म्हणाली आणि तिनं दोन्ही हात तोंडावर धरले. "आमच्याकडे बाजा म्हणजे..."

"पेटी!" गुलाम नबी म्हणाले आणि पायरीवर बसून हसायला लागले. त्यांचं हसू पाहून बाई हसल्या, पार्बताबाईला काही न कळता तीही हसली. नईम हसता हसता चिंतामणरावांकडे वळला. पुराव्यावर पाऊण तास झोपलेला तपासनीस वहीतली आपली नक्कल उघडून उभा होता. ज्या शब्दात सगळं रहस्य होतं, नेमका तोच त्यानं शुद्ध करून टाकला होता.

"सापडली की नाही?" ते अखेर म्हणाले. "दहावं प्रकरण."

"फोन लाव रे नईम," बाई डोळे पुसत म्हणाल्या. त्यांच्या आवाजात चार दिवसांनी जीव आला होता. "उत्तमरावला म्हणावं, निघाला नसलास तर पेटी घेऊन ये."

पण उत्तमराव निघाला होता. नईम फोनपर्यंत पोचायच्या आत तो टोपली डोक्यावर घेऊन फाटकात उभा राहिला. टोपली उतरवून तो सरळ बाईंच्या पायाशी वाकला आणि बराच वेळ उठलाच नाही.

"बाई, पेटी भेटली," तो म्हणाला. "धर्मपालनं आनून ठेवली, तवा दोन घंटे म्या हातच नाई लावला. म्हटलं, बाई पुन्याले चालल्या, जाता जाता आपल्याले देऊन चालल्या. येवढं कोन देते? दुसऱ्या दिवशी पाव्हणे आले. बसाले काई नाई. सतरंजी हातरली अन् मंदी पेटी ठेवली. पोराचा बाप निंगाला भजनी मानूस. मंग काय, पोरगी पाह्याची रायली बाजूले, सांजेपर्यंत आमी दोघं गाऊनच रायलो. जाताना म्हने, अशा घरची पोरगी आमाले पायजे. सोयरीक झाली, बाई. अन् मी गायलो. तीन वर्सानं. माई बायको चुलीपाशी बसून रडून रायली व्हती."

अंगणात फक्त पार्बताबाईच्या बांगड्यांचा आवाज होत होता. ती वांग्यांना तेल लावत होती. नईमनं बाईंकडे पाहिलं. चाळीस वर्षांची ती पेटी. बाईंची उजव्या हाताची बोटं पुन्हा मांडीवर आपोआप हलत होती.

"वस्तुस्थिती अशी आहे, उत्तमराव," चिंतामणरावांनी घसा साफ केला, "की सदर पेटी ही..."

"काकाजी, मिठाचं पाहा बरं," पार्बताबाई म्हणाली आणि तिनं भाकरीच्या तुकड्यावर ठेचा घेऊन तो त्यांच्या तोंडातच कोंबला. वस्तुस्थिती तिथेच थांबली. चिंतामणरावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

पण उत्तमराव काही दूधखुळा नव्हता. सगळ्यांच्या तोंडाकडे पाहून त्याला शंका आली. "बाई, येक मनात येऊन रायलं. म्या तं बाजा मागतल्या व्हत्या. पेटी चुकून तं नाई ना आली? तसं असन तं सांगा. आत्ता परत जातो अन् घेऊन येतो. तुमच्या हातची चीज हाय ते."

तो अगदी सरळ विचारत होता. बाई हो म्हणाल्या असत्या, तर संध्याकाळपर्यंत पेटी स्टुलावर आली असती, मंगळवारी पुण्याच्या गाडीत चढली असती. नईमनं हातातली अस्सल चिठ्ठी बाईंना दिसेल अशी धरली. बाईंनी ती त्याच्याकडून घेतली, पाहिली, आणि पार्बताबाईनं अंगणातच पेटवलेल्या पऱ्हाटीच्या जाळात, वांग्यांच्या खाली, अलगद सोडून दिली. वांगी भाजताना कागद कोण टाकतं, म्हणून पार्बताबाई करवादली.

"चुकून कशी येईल?" बाई म्हणाल्या. "मी जेबाला लिहूनच ठेवलं होतं. चिंतामणराव, तुमच्याकडे आहे ना ती?"

चिंतामणरावांनी ठेचा गिळला. उभ्या जन्मात त्यांनी पुष्कळ खोटी माणसं खरी ठरवली होती आणि खरी खोटी, पण ते सगळं नकळत. नईमला वाटलं, आता हा माणूस सत्याच्या नावानं घोटाळा करणार. चिंतामणरावांनी टोपी सारखी केली, वही उघडली आणि कोर्टात वाचावं तसं खणखणीत वाचलं:

"'तिवश्याहून उत्तमरावांचा माणूस येईल. त्याला पेटी देणे. चहा देणे.'"

"ऐकलंस?" बाई उत्तमरावला म्हणाल्या. "भाता डाव्या बाजूनं फाटलाय, जपून हलव. थंडीत रोज थोडी वाजवायची, नाही तर सूर चिकटतात. आणि आज माझ्या आधी तू गायचंस, कोपऱ्यात बसायचं नाही."

उत्तमरावनं बाहीनं नाक पुसलं. तरी शेतकरी माणूस, कागदाचे धक्के खाल्लेला. वहीकडे वाकून त्यानं चिंतामणरावांना हळूच विचारलं, "हे बाईनं लिवलं तेच हाय ना, काकाजी? तंतोतंत?"

जाळात अस्सल चिठ्ठीचा शेवटचा कोपरा काळा होऊन उडाला. चिंतामणरावांनी तो जाताना पाहिला.

"अस्सलबरहुकूम," ते म्हणाले.